बिनहादऱ्याचा पंप

सोलापुरात न हलणारी वस्तू शोधून सापडायची नाही, आणि कुठलीच हलणारी वस्तू सहन न होणारा माणूसही त्या गावात एकच होता: माझ्या मावशीचे यजमान. गिरणीचा भोंगा झाला की खिडक्यांची तावदानं थरथरत, भवानी पेठेत घरोघरी माग खटखटत, आणि सात रस्त्यावरून टांगा गेला की आत बसलेल्या माणसाचे दात रस्त्यावरच्या माणसाला ऐकू येत. या खडखडाटाच्या मधोमध काका बाजाच्या पेट्या दुरुस्त करत बसलेले असत. टांग्यात ते कधी बसले नाहीत. कुणाच्या घरी गेले तर बसण्याआधी जमिनीला तळहात लावून पाहत, वैद्य नाडी पाहतो तसे. देवळात घंटा वाजवली की लगेच तिच्यावर हात ठेवून तिला गप्प करत आणि म्हणत, "देवाला एकदा कळलं. आता तिला कशाला त्रास?" व्याख्यानांना ते पहिल्या रांगेत बसत, पण ऐकायला नव्हे. व्यासपीठाच्या फळीवर बोटं टेकून ते वक्त्याची परीक्षा करत. एका मोठ्या देशभक्ताबद्दल त्यांनी मला बाहेर पडताना सांगितलं होतं, "फळी फार थरथरते. माणूस आतून रिकामा आहे." पुढे त्या देशभक्ताला रावबहादूर ही पदवी मिळाली तेव्हा मला फळीची आठवण झाली.

अशा माणसाशी माझ्या मावशीनं निगुतीनं संसार केला. ती भांडं खाली ठेवी ते आवाज न करता, आणि काकांच्या लेखी स्त्रीचा याहून मोठा गुण जगात नव्हता. हे त्यांनी तिला कधी बोलून दाखवलं नाही, एवढीच काय ती अडचण.

त्या काळी थंडी पडली की गावात प्लेग येई. उंदीर पडू लागले की लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. पेठेतल्या काही प्रतिष्ठितांनी मिळून एक प्लेग-निवारक मंडळ काढलं होतं. मंडळाला अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, निशाण होतं आणि सर्वांत शेवटी एक बंबही होता. हा बंब चौघं मिळून घरात आणत आणि दोघं मिळून त्याचा दांडा वरखाली करत. मग घरभर औषधाचं पाणी उडे आणि त्याबरोबर घरातल्या इतर वस्तूही. एका वर्षी मावशी साध्याच तापानं अंथरुणावर होती, म्हणून त्यांचं माळावर जाणं लांबलं, आणि नेमकी तेव्हा मंडळाची टोळी दाराशी आली. बंब सुरू झाला. भिंतीतली मोठी फळी हलू लागली. काका त्या वेळी बंबाशेजारी गुडघे टेकून, त्याच्या पोटाला तळहात लावून बसले होते.

"मास्तर, बाजूला व्हा की. लई उडतंय," टोळीतला एकजण म्हणाला.

"थांब. हा दट्ट्या वर येताना श्वासच घेत नाही."

तेवढ्यात फळी पडली. लोणच्याच्या बरण्या, देवांचा डबा, मावशीच्या आईनं दिलेली समई, सगळं खाली आलं. मावशी अंथरुणातून क्षीण आवाजात म्हणाली, "अहो, फळी पडली."

"पडणारच," काका मान वर न करता म्हणाले. "दट्ट्या एकच आहे ना."

ताप उतरल्यावर मावशी नातेपुत्याला भावाकडे निघून गेली. थंडी सरली, पेठ माळावरून परत आली, मावशी आली नाही. आमच्याकडची रीत अशी, की माहेरी गेलेल्या बाईनं आपण होऊन परत यायचं नाही. नवऱ्यानं न्यायला जायचं. हे काकांनाही माहीत होतं. पण त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की बायको हादऱ्यामुळे गेली. तेव्हा हादरा नाहीसा केल्याशिवाय कुठल्या तोंडानं जायचं?

मग पंप सुरू झाला. म्हणजे पंपाचा ध्यास. पाठीवर सहज बसेल एवढा तांब्याचा डबा आणि त्याला बाजाच्या पेटीचा भाता. भाताही दुहेरी, म्हणजे एक श्वास घेत असताना दुसरा सोडणार, धार तुटणार नाही आणि हादरा बसणार नाही. डबा करणारा तांबट रडकुंडीला आला होता. "मास्तर, ह्यो पंप हाय का तान्हं बाळ? कुनाला हात लावू दीना झालाय तुमी!" पहिल्या नमुन्याच्या भात्यात जुन्या पेटीचा एक सूर चुकून राहिला होता, त्यामुळे ढेकणांवर फिनेल मारताना पंप षड्ज लावून बसे. शेजारच्या किराणा दुकानदाराची आई भजन समजून हात जोडून आत आली, खाटेशेजारी बसली आणि फिनेल संपेपर्यंत डोलत राहिली. काकांची कसोटी एकच होती. मावशीचं पाणी प्यायचं पितळी फुलपात्र घरात राहिलं होतं. ते काठोकाठ भरून डब्यावर ठेवायचं आणि भाता चालवायचा. थेंब सांडला की पंप खोलायचा. नातेपुत्याकडे कुणी निघालं की ते निरोप देत, "तिला सांगा, पंप होत आलाय." एकदा उलट निरोप आला: "न्यायला पंपालाच धाडणार आहेत का?" काकांनी बराच विचार केला आणि समाधानानं मला म्हणाले, "म्हणजे तिला पंपात रस आहे."

अशी वर्षं गेली. अखेर मंडळानं सात रस्त्याजवळ मांडव घालून पंपाचं प्रात्यक्षिक ठेवलं. अध्यक्ष जरीचा फेटा बांधून आले आणि आरोग्य, राष्ट्र व स्वतः या विषयांवर बोलले. भाषण संपवून ते म्हणाले, "आता मास्तरांनी यंत्र सुरू करावं."

"झालं," काका म्हणाले.

"काय झालं?"

"फवारून झालं. आपल्या खुर्चीखालीसुद्धा."

अध्यक्षांनी धोतराचा सोगा चाचपला. तो ओला होता. मांडव हसला, आणि तिथेच पंपाचं भवितव्य संपलं. मंडळाचं मत पडलं, की एवढ्या गुपचूप झालेल्या कामाला लोक काम म्हणणार नाहीत. मागून एक बाई ओरडली, "आन् टोळी आल्याली आमाला कळायचं कसं? देव कवा भायेर काढायचं?" काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते डब्यावरच्या फुलपात्राकडे पाहत होते. थेंबही सांडला नव्हता. "उद्या नातेपुत्याला जायचं," ते मला म्हणाले. "तू चल."

जन्मात टांग्यात न बसलेला तो माणूस दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटरीत पंप मांडीवर घेऊन बसला. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांनी स्वतःच्या हाडांवर घेतला, पंपाला लागू दिला नाही. मावशी अंगणात सुपात ज्वारी निवडत होती. केस बरेच पिकले होते.

"आलात?" ती म्हणाली.

"झाला," काका म्हणाले.

त्यांनी रांजणातून फुलपात्र भरलं, डब्यावर ठेवलं आणि अंगणातल्या किडक्या लिंबावर फवारा धरला. कसलाही आवाज नाही. पानं नुसती भिजत गेली. मावशीचा सुपातला हात थांबला.

"बघ. सांडलं नाही."

"मी काय त्या पाण्यासाठी इथं बसले होते?" ती उठून जवळ आली. "हे माझं फुलपात्र. हे कशाला आणलंत?"

"त्याच्याशिवाय मला काही कळत नव्हतं."

तिनं फुलपात्र उचलून तोंडाला लावलं. हात इतका थरथरत होता की निम्मं पाणी पदरावर सांडलं. काकांनी पंपाकडे पाहिलं नाही. दट्ट्याबद्दल बोलले नाहीत. देवळात घंटेवर ठेवत तसा तळहात त्यांनी तिच्या हातावर ठेवला आणि ती शांत होईपर्यंत काढला नाही.

"चला," मावशी डोळे पुसून म्हणाली. "फळी नीट बसवलीत ना?"

काका पंपाचा भाता मिटू लागले. इतक्या वर्षांत फळी भिंतीला टेकून जमिनीवर तशीच उभी होती.

ती मावशीनंच येऊन सुतार बोलावून बसवून घेतली. आता दोघंही नाहीत. पंप आणि फुलपात्र माझ्याकडे आहेत. भात्याचं चामडं वाळून कडक झालंय, त्यामुळे तो चालवायचा प्रश्नच नाही. पण कधी घरात कुणी नसलं की मी फुलपात्र काठोकाठ भरून डब्यावर ठेवतो आणि समोर बसतो. रस्त्यावरून काहीतरी जड जातं, आणि पाणी थरथरू लागतं. त्याच्यावर हात ठेवणारं आता कुणी नाही. ते आपलं आपण शांत होईपर्यंत मी बसून राहतो.