पुस्तकातल्या मेंढीचे पाय

गुरुजींनी माझी डावी वेणी कापली तेव्हा अख्खी चौथी हसत होती. मी फळ्यासमोर चार पायांवर होते. फरशीवरची खडी गुडघ्यात रुतत होती.

घनसावंगीच्या पुढे आमचं गाव. आम्ही धनगर. बाप मेंढरं राखायचा. शाळेआधी मी कोकरांना पाला टाकून यायचे, म्हणून अंगाला वास असायचा. तो मला कधी आला नाही. गुरुजींना रोज यायचा.

त्या दिवशी त्यांनी शाळेच्या पेटीतलं चित्रांचं पुस्तक काढलं. गरीब मेंढीची गोष्ट. कुणी ढकललं तरी ती रागवत नाही. माणूस तिची लोकर कातरतो आणि ती डोळे मिटून हसते. रंग फार सुंदर होते. मला ते पुस्तक हातात घ्यायचं होतं.

"बघा, कशी गप उभी हाय. असं ऱ्हावं मानसानं," गुरुजी म्हणाले.

मी हात वर केला. त्या वर्गात पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं.

"गुरुजी, हे खोटं हाय. पाय बांधल्याबिगर मेंढी भादरू देत न्हाई. लाथा झाडती. चित्रात दोरी काढायची राह्यली."

मला वाटलं शाबासकी मिळेल. इतकी मी येडी.

"लई शहाणी झाली का? ये इकडं. हो मेंढी. बघू लाथ मारती का."

त्यांनी मला मानेला धरून खाली दाबलं. पाठीत गुडघा रोवला. कार्यानुभवाच्या कात्रीने वेणी उडवली, लाल फितीसकट. "उवा तरी कमी होतील," म्हणाले. पोरं बाकं बडवत होती.

दुसऱ्या वेणीला हात घातला तेव्हा त्यांचं मनगट माझ्या तोंडाशी आलं. मी चावले. दात पार आत गेले. ते कात्रीची मूठ माझ्या डोक्यात हाणत होते, एकदा, दोनदा, कितीदा तरी. कानामागून रक्त गळ्यात उतरलं. मी सोडलं नाही. तोंडात त्यांच्या रक्ताची चव होती आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

बापाला माळावरून बोलावून आणलं. त्याने मुंडासं काढून हातात धरलं.

"चुकलं गुरुजी. आमी गरीब मानसं."

मेंढीही गरीब, बापही गरीब. मेंढीला म्हणतात तेव्हा गुणी, बापाला म्हणतात तेव्हा उपाशी. दोघांकडून हवं मात्र एकच, की हलायचं नाही.

"पड पाया," बाप मला म्हणाला.

"न्हाई पडत. आदी माझी येनी द्या म्हनावं."

बापाने मुस्काटात मारली. गुरुजींचा सगळा मार एकीकडे आणि ती एक थप्पड एकीकडे. त्याची कीव येते, पण राग अजून जास्त आहे. मी पाया पडले नाही. दुसऱ्या दिवशी एक वेणी घालून शाळेत गेले.

यंदा माझी मुलगी पहिलीत गेली. शाळेच्या फाटकात तिला जवळ घेऊन सांगितलं, "बाईचं ऐक. बाईचं चुकलं तर तसं बोलून दाखव. अन् मारायला कुनी अंगावर आलं तर चाव. किती बी मोठं मानूस असू दे. पुढचं मी बघते."

नवरा म्हणाला, "लेकराला काय शिकवून राह्यली?"

मी लेकीकडे वळले. तिला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायला लावलं, बराबर पाठ होईपर्यंत.