नोनिम उयिंगिझदा

परक्या भाषेत व्यवहार करायचा, तर विश्वास कुणावर ठेवाल? दुभाष्यावर की स्वतःच्या कानावर? सोव्हिएत रशिया फुटल्यानंतर ताश्कंदचा रुस्तम जर्दाळू घेऊन आमच्या बारामतीच्या किराणा दुकानात यायला लागला, तेव्हा मी दोन्हींवर ठेवला. मग काय, किस्स्यांचा ढीगच लागला. माझी इच्छा एवढीच होती, की पुढच्या वर्षी त्यानं माल मुंबईच्या अडत्याला न देता थेट मला द्यावा.

*

दुभाषी इंदापूरचे हमीदभाई. टायरचं दुकान, उर्दू पक्की. रुस्तमच्या बोलण्यात दुकान, दोस्त असे शब्द आले की खूश. "शब्द सगळे आपलेच!" शब्द आपलेच होते, पण त्यांच्या शेपट्या उझबेकी! तो म्हणाला, माल माझ्या दुकानातून तुमच्या दुकानाला. हमीदभाईंनी नेमकं उलटं सांगितलं. आम्ही ताश्कंदसाठी गुळाच्या ढेपा बांधून बसलो.

*

मग मीच शिकायला बसलो. उय म्हणजे घर. उयिमदा म्हणजे माझ्या घरात. 'माझं'चा 'इम' मधे बसतो, 'त'चा 'दा' त्याच्या मागं. सांगवीचे आबा रोज दुकानात येऊन बसायचे. ते म्हणाले, "म्हंजी मोटरसायकलीवर नवरा-बायकूच्या मधी पोर बसल्यागत."

'आबाचं घर' म्हणताना तर खूण दोन्हीकडं लागते, आबालाही आणि घरालाही. आबा खूश. "तलाठ्यापरास ही भाषा बरी. त्याच्याकडं एकदा नाव लावायला चपला झिजत्यात."

*

एकदा रुस्तमच्या लॉजवरून निघताना मी आपल्या रीतीनं, पण त्याच्या भाषेत, 'येतो' म्हणालो. बिचारा पुलावाचं पातेलं झाकून वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं हमीदभाईंना विचारलं, हा माणूस शब्दाला पक्का आहे ना? माझे जर्दाळू तिथंच बुडायचे!

*

जायच्या दिवशी तो आमच्याकडं जेवला. निघताना त्यानं अख्ख्या भाकरीचा एकच घास घेऊन ती आमच्या हिच्या हातात परत दिली. हिचा चेहरा पडला. तेव्हा तो म्हणाला, "नोनिम उयिंगिझदा." माझी भाकरी तुमच्या घरात. त्यांच्याकडं प्रवासाला निघालेला माणूस असा घास घेतो. उरलेली भाकरी तो परतेपर्यंत जपतात. हिनं ती फडक्यात बांधून दुकानातल्या खुंटीला टांगली.

त्या पावसाळ्यात आबांच्या हृदयाचं पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फारशी खात्री दिली नव्हती. पण आबा परतले, पुन्हा दुकानात बसू लागले.

थंडीत रुस्तम आला. माल थेट माझ्या दारात. आल्याआल्या त्यानं फडकं सोडलं. भाकरी वाळून खडंग झालेली, आणि घास दोन बाजूंनी घेतलेला. तो एकेकाकडं बघायला लागला.

आबा खाली बघत मला म्हणाले, "पुण्याला निघताना मीबी घेतला हुता. दोन घास गेलं, दोघंबी माघारी आलो. शेठ, हिशोब जुळला, लिवून ठेवा."