ओट्यावर आणि ओट्याखाली

वडील सडकेची खडी फोडत आणि आई पाटलांच्या मळ्यात खुरपायला जाई. दोघं राबूनही रात्री आई भाकरी आम्हाला वाढून स्वतः पाणी पिऊन निजायची. मजुरी आणायला गेलं की वडील पाटलांच्या ओट्याखाली उकिडवे बसत. ओट्यावर बसायचा रिवाज आम्हाला नव्हता.

मी पुण्याला कॉलेजात नाव घातलं, तेव्हा मॅट्रिक झालेले धाकटे पाटील ओट्यावरून म्हणाले, "काय रे, इंग्रजी शिकतोस म्हणं? 'ऑन' शिकू नकोस. तुमच्या घराला 'अंडर' बास हाय!"

ओट्यावरचे सगळे हसले. वडीलही हसले. धाकट्या पाटलांचं हसू मी विसरलो असतो, वडिलांचं नाही.

तेव्हापासून त्या टीचभर शब्दांमागे मी हात धुऊन लागलो. आमची आई सगळ्यालाच 'जवळ' म्हणायची: चूल जवळ, चिंचवड जवळ, मरणही जवळ. साहेबाच्या भाषेत तेवढ्यावर भागत नाही. दारात उभं राहिलं तर 'ॲट', शेजारी 'बिसाइड', भिंतीला टेकलं तर 'अगेन्स्ट', नुसतं आसपास असलं तर 'निअर'. म्हैस पाण्यात, बगळा म्हशीवर, पोरं काठाला. स्टेशनाच्या वाटेवर दिसेल ते मी इंग्रजीत जागेवर बसवीत जायचो.

बी.ए. झालो त्या सुमारास पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता. गोदामाच्या कारकुनाची एकच जागा होती आणि अर्ज धाकट्या पाटलांचाही होता. मुलाखतीत कारखान्याच्या साहेबाने सगळ्यांपुढे नकाशा टाकला : यंत्रांची खोकी कुठं उतरवायची, ते इंग्रजीत लिहा. मी एकेक खोकं 'ॲट', 'बिसाइड', 'अगेन्स्ट' लिहून जागेवर बसवलं. पाटलांनी सगळी खोकी 'निअर' ठेवली होती.

"निअर म्हणजे कुठे?" साहेब सगळ्यांदेखत म्हणाला. "हमालांनी फाटकात टाकायची की नदीत?"

त्या वेळी एकटा मी हसलो. पोटभर हसलो.

वर्षभराने धाकटे पाटील भाच्यासाठी नोकरी मागायला माझ्या टेबलापुढे आले. मी मान वर न करता लिहीत राहिलो.

"राव, बसू का?"

"जागा नाही," मी म्हणालो. समोरची खुर्ची रिकामी होती. ते उभेच राहिले आणि उभ्यानेच परत गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर मी वडिलांना बसवलं. ते कडेला टेकले होते. "नीट मागं सरकून बसा, दादा," मी म्हणालो.

आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. ती नोकरी मला मिळाली आणि वडील पुन्हा कधी ओट्याखाली बसले नाहीत.