मागच्या भिंतीतलं दार

मी आज जो काही इंजिनिअर आहे, तो शरयूताई लिमये यांच्यामुळे आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण पुढे मी रागावणार आहे, आणि रागात माणूस आधी उपकार विसरतो, असं त्याच म्हणायच्या.

हडपसर गावठाणात, पत्र्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांच्या संस्थेचं ऑफिस होतं. खेड्यातल्या कुटुंबांना परवडेल असं पक्कं घर बांधायला ही संस्था मदत करायची. मी वाशीम जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल छातीशी धरून मुलाखतीला गेलो. ताईंनी फाइल उघडलीच नाही. हातात खडू दिला.

"वानखेडे ना? तुझं गावाकडचं घर काढ. इथे फरशीवर. खऱ्या मापात."

मी ओणवा होऊन खोली काढली, पडवी काढली, मोरी काढली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आई भाकरी कुठे थापते?"

मी कोपरा दाखवला.

"मग बस तिथे. आता सांग, धूर कुठे जातो?"

मी मागे-पुढे पाहिलं. खिडकी काढायला विसरलो नव्हतो. घराला ती नव्हतीच. "डोळ्यात," मी म्हणालो.

त्या पहिल्यांदा हसल्या. "उद्यापासून ये. पगार कमी आहे आणि वेळेवर होत नाही. आणि मॅडम म्हणायचं नाही. मी तुझी कंपनी नव्हे."

ताई स्वतः आर्किटेक्ट. कोथरूडमधल्या लोकांचे बंगले बांधून कंटाळल्या आणि इकडे आल्या. त्यांची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. पाया खणण्याआधी जागेवर पांढऱ्या फक्कीने घर आखायचं आणि त्या घरच्या बाईने अख्खा दिवस त्या रेषांच्या आत काढायचा. तीन दगडांची चूल मांडायची, स्वयंपाक करायचा, दुपारी आडवं व्हायचं. दारासाठी जिथे रेष सोडली असेल तिथूनच आत-बाहेर करायचं. ताई जांभळाखाली नाहीतर कुणाच्या गोठ्याच्या सावलीत बसून नुसतं बघायच्या. बाईने संध्याकाळी चूल हलवली, तर रेघा पायाने पुसून नव्या मारायच्या. एखादा गवंडी कुरकुरला की म्हणायच्या, "बाबा रे, फक्की पायाने पुसते. भिंत पुसून दाखव."

दुसरी अट पत्राची. साइटवरून आलं की त्यांना एक पत्र लिहायचं. अहवाल नाही, पत्र. "आधी लिही घरात कोण कोण होतं. सिमेंटचं नंतर बघू."

हे काम अवघड आहे असं म्हटलं की लोकांना डोंगर, पाऊस, खडी वाहून नेणं आठवतं. ते सोपं होतं. अवघड होतं ते टेबलावरचं. सरकारी योजनेत घर बसवायचं तर जागा नावावर हवी. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या माणसाकडे नेमका तेवढाच कागद नसतो. हप्ता पायाचा फोटो चढवल्यावर मिळणार; मग पाया कशाने घालायचा? बँक म्हणते, तारण दाखवा. ज्याच्याकडे घर नाही त्याच्याकडे घर गहाण मागायचं, याला आपल्याकडे नियम म्हणतात. आणि देणगीदार! त्यांना विटांना पैसे द्यायचे असतात, विटा नीट लागतात की नाही ते बघणाऱ्या माणसाला नाही. माझ्या आधीचे सगळे इंजिनिअर त्यामुळेच गेले. ताई त्यांना दोष देत नसत. "पोट सगळ्यांना आहे, वानखेडे. फक्त ट्रस्टींना वाटतं, आपल्या कार्यकर्त्यांना तेवढं नाही."

खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वस्ती आहे. तिथल्या पहिल्या टप्प्यातल्या घरांसाठी एका मोठ्या कंपनीचा निधी मिळाला. फक्कीच्या घरात पहिला दिवस काढला हिराबाईने. पन्नाशीची, विधवा, घरात मुलगा, सून आणि रांगतं नातवंड. भाकऱ्या थापून झाल्यावर तिने सांगितलं, "ताई, दार मागल्या अंगाला पायजे. पाऊस रस्त्याकडनं येतो. म्होरं दार ठिवलं तर पाऊस घरात जेवायला बसंल."

ताईंनी मान हलवली. त्यांचाही अंदाज तोच होता. नकाशा तसाच झाला.

मग आम्हाला हिंजवडीला बोलावणं आलं. काचेची खोली, थंडगार हवा. कंपनीचा अधिकारी तरुण होता, गोड बोलत होता. "ताई, डिझाइन मस्त आहे. फक्त सगळी दारं रोडसाइडला घेऊ. ड्रोन शॉट आहे ना. आणि आपली प्लेट मेन डोअरच्या शेजारीच लागते, ती पॉलिसी आहे."

"पाऊस त्या बाजूने येतो."

"हो, ते रिपोर्टमध्ये वाचलं मी. पण तेवढं चालतं ना?"

म्हणजे त्याला माहीत होतं! शेजारी बसलेल्या आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनाही माहीत होतं. अडाणीपणाचा राग येत नाही मला. मी अडाण्यांच्या घरातून आलोय. वाचून, समजून, मान डोलवून माणसाच्या चुलीवर पाऊस सोडायचा आणि वर त्याचा फोटो काढायचा, याचा राग येतो.

अध्यक्ष म्हणाले, "शरयूताई, आपण जरा ॲडजस्ट करू या. मार्चअखेर आहे. हा फंड गेला तर वस्तीला काहीच मिळणार नाही."

"अहो, देणगीदार तिथे राहायला येणार असतील तर त्यांच्या मनासारखं दार ठेवते. विचारून घ्या, चूल कुठे हवी."



ताई हा निधी नाकारायचंच ठरवून वस्तीवर गेल्या, लोकांना तसं सांगायला. मी सोबत होतो. हिराबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, राग मानू नगा. पर तुमच्या रागापायी आमचं घर जायला नगं. दार कुटं बी ठिवा. आधी छप्पर तर हू द्या."

परतताना धरणाची भिंत दिसू लागल्यावर ताई म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. राग मला परवडतो, तिला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या नकाशावर सही केली. मला साइटवर बोलावून हळू आवाजात सांगितलं, "प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीत, तिने दाखवली होती तिथे, दाराएवढी जागा धर. वरच्या भिंतीचं वजन पेलायला लिंटल टाक, पक्कं. खालच्या विटा सिमेंटात नको, नुसत्या मातीत बसव. बाजूच्या विटांत गुंतवायच्या नाहीत. वरून गिलावा."

म्हणजे दार होतं. दिसत नव्हतं एवढंच. गवंड्याने माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे.

उद्घाटन झालं. ड्रोन उडाला, सगळी दारं ओळीत आली. ताई मंचावर नव्हत्या. मागच्या बाजूला हिराबाईशी बोलत उभ्या होत्या. "या भिंतीवर ठोकून बघ. बद्द वाजेल तिथे तुझं दार आहे," एवढंच मला ऐकू आलं. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. अध्यक्षांनी शाल-श्रीफळ आणलं होतं. ताईंनी नारळ घेतला, शाल परत केली. म्हणाल्या, "नारळाची चटणी तरी होते." आणि साताऱ्याला बहिणीकडे निघून गेल्या.

पावसाळ्यात जे व्हायचं ते झालं. पाणी दारातून थेट चुलीपर्यंत. लोक पुन्हा जुन्या झोपड्यांत गेले, नव्या घरात पेंढा ठेवला. हिराबाईने मात्र पहार घेतली आणि मागची भिंत बद्द वाजत होती तिथे घातली. एका घराचं पाहून दुसऱ्याने घेतली.

ऑफिसात गहजब झाला. अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, अहवाल लिही: लाभार्थींनी घरांचं नुकसान केलं. तसा अहवाल गेला की वस्तीतली उरलेली कुटुंबं पुढच्या टप्प्यातून वगळता येणार होती आणि ती घरं रस्त्यालगतच्या, फोटोला सोयीच्या गावाला देता येणार होती. त्यांनी हे लपवलंही नाही.

मी वस्तीवर जाऊन आलो. अहवाल लिहिला. आणि रीतीप्रमाणे ताईंना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय ताईंस, साष्टांग नमस्कार.

घरात हिराबाई, त्यांची सून आणि झोपलेलं नातवंड होतं. मुलगा कामावर गेला होता.

पुढचं दार आतून बंद करून त्याला भाताच्या गोण्या लावल्या आहेत. कंपनीची पाटी बाहेर एकटी भिजते आहे. मागचं दार उघडलं आहे. लिंटल जागच्या जागी आहे, एक केसभर तडा नाही. दाराची चौकट हिराबाईंनी जुन्या झोपडीची आणून बसवली.

मला अहवालात 'नुकसान' लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं, "नुकसान नाही. दार बांधकामापासून तिथेच आहे. बांधकाम मी स्वतः करून घेतलं आहे." त्यावर मला कामावरून कमी केलं. वस्तीला पुढच्या टप्प्यातून वगळलं की नाही ते अजून कळलेलं नाही. वगळतील असं वाटतं. तुम्ही म्हणाला होता, राग तुम्हाला परवडतो. मला या महिन्यात परवडत नाही, पण मी तो ठेवून घेतला आहे.

चूल फक्कीच्या वेळी मांडली होती तिथेच आहे. हिराबाईंनी भाकरी टाकली. मी चुलीशेजारी बसून पाहिलं. धूर मागच्या दाराने जातो, डोळ्यात येत नाही.

ऑफिसातून निघताना फक्कीची गोणी उचलून आणली आहे. कुणी चोरी म्हणालं तर म्हणो. ज्यांची घरं राहिली आहेत त्या बायकांना रविवारी वस्तीवर बोलावलं आहे. पैसे नाहीत, जागा आहे. रेषा तरी मारून ठेवू.

साताऱ्याहून स्वारगेटला त्या दिवशी सकाळी गाडी आहे. मी स्टँडवर थांबतो.

आपला,
वानखेडे