खिडकीतून दिलेलं लेकरू

मंडळी, घरी पोचलो आणि लगेच लिहायला बसलो.

आज दुपारी दर्यापूर स्टँडवर अमरावतीची बस लागली आणि दारात झुंबड उडाली. एका बाईने खिडकीतूनच आपलं लेकरू माझ्या पुढच्या सीटवरच्या दाढीवाल्या काकांकडे दिलं. जागा धरायची आपली नेहमीची रीत. ती दाराकडे धावली आणि लेकरू रडायला लागलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "पोरगं कोनाचं हाय बे? हा तं पोरं चोरनारा दिसते!"

"याची माय येऊन राहिली ना भाऊ," काका म्हणाले, तोवर थप्पड बसली. मग लाथा. डोकं लोखंडी दांड्यावर आपटलं, रक्त झबल्यावर सांडलं. मी "थांबा" म्हणून ओरडलो, कोण ऐकतं! काकांनी लेकराला छातीशी घट्ट धरलं, त्याला एक लाथ लागू दिली नाही. तर मारणारेच म्हणे, "पाहा, सोडून नाही राहिला!"

तेवढ्यात माय आत घुसली. "मीच देल्लं त्यायच्यापाशी! कावून मारून राहिले?"

मारणारे गुपचूप आपापल्या सीटवर बसले. काका डोक्याला रुमाल दाबून उतरून गेले.

वलगावला एका बाईने माझ्या खिडकीशी लेकरू उचललं. "दादा, घ्या न जरा."

मी काच लावून घेतली.

तुम्ही घेतलं असतं?