दात कशाने घासता?

"बाळाची वाढ महिन्यांच्या मानाने कमी आहे," सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाल्या. "याला फीटल ग्रोथ रिस्ट्रिक्शन म्हणतात. म्हणजे पोटात बाळ हवं तसं वाढत नाहीये."

मला सातवा महिना होता. पायाखालची जमीन सरकली आणि लगेच नवऱ्याचा भयंकर राग आला.

कारण महेश सिगारेट ओढायचा. दिवस राहिल्याचं कळताच दहिसरच्या आमच्या चाळीतून त्याला सिगारेटसकट खाली नळापाशी हाकललं होतं मी. त्यामुळे "तुम्ही स्वतः सिगारेट, तंबाखू काही घेता?" असं डॉक्टरांनी विचारल्यावर मी ताठ मानेने "छे!" म्हटलं आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. बिचारा चोरासारखा बसला होता.

सोबत आलेल्या सासूबाई माझ्या बाजूने पुढे सरसावल्या. "ती तंबाखू खाणा नाय हां, डॉक्टरबाई. नुसती मिशरी लावता, दात घासूक."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मिशरी कशाची करता, आजी?"

"तंबाखू तव्यार भाजून..." म्हणता म्हणता सासूबाईंचा हात तोंडावर गेला. माझाही.

लग्न झाल्यापासून दिवसातून तीनदा मिशरी लावत होते. ते व्यसन आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांनी समजावलं की त्यातलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला रक्त कमी पोचतं. बाळ वेळेआधी येऊ शकतं, पोटात दगावूही शकतं. शेजारी कुणी सिगारेट ओढली तरी धोका असतोच.

"वाढ कमी होण्याची दुसरी कारणंही असतात," त्या म्हणाल्या, "पण हे आजच थांबवा. अजूनही फायदा होईल."

पहिले चार दिवस डोकं ठणकत होतं. मी सगळ्यांवर खेकसायचे. महेशने त्याच दिवशी सिगारेट सोडली होती, त्यामुळे घरात दोन चिडके झाले. सासूबाईंनी मिशरीचा काळा तवा भंगारवाल्याला देऊन टाकला आणि चाळीस वर्षांची स्वतःची सवयही सोडली. त्यांच्यावर मात्र खेकसायची माझी हिंमत झाली नाही.

दर आठवड्याला डॉप्लर, म्हणजे बाळाला रक्त नीट पोचतंय का हे बघणारी सोनोग्राफी. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बडीशेप चघळत बसायचो. तिसऱ्या वेळी डॉक्टर हसल्या. "वाढतंय हं!" महेशने आनंदाच्या भरात वॉचमनलाच मिठी मारली.

मुलगी झाली. दोन किलो तीनशे. अंगाने चिमुकली, पण आवाज असा की शेजारच्या वॉर्डातल्या बायका बघायला आल्या. मी हसत होते आणि रडतही होते. त्या डॉक्टरांचे आणि सासूबाईंच्या भोळेपणाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

परवा लेकीच्या लसीसाठी बाकावर बसले होते, तेव्हा एक पोटुशी मुलगी नर्सला सांगत होती, "नाही हो, व्यसन वगैरे काही नाही."

"दात कशाने घासतेस गं?" मी विचारलं.

तिने पटकन ओढणी तोंडावर घेतली. मी बाकावर सरकून तिला जागा केली आणि लेकीला तिच्या मांडीवर दिलं.

"घाबरू नकोस. हिची आईपण 'व्यसन नाही' असंच सांगायची."