तलावाच्या पाळीवर नेलेला संदर्भ ग्रंथ

संदर्भ ग्रंथ ग्रंथालयाबाहेर नेता येत नाहीत, ही पाटी मीच रंगवून घेतली होती. लाल अक्षरांत, दारातून शिरणाऱ्याच्या नजरेत पहिली भरेल अशी. चंद्रपूरजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी ग्रंथालय सहायक होते. नोकरी करारावरची, दर डिसेंबरात नव्याने सही व्हायची. नियम मोडणाऱ्या पोरांना मी चांगलं फैलावर घ्यायची. तेव्हा मला नियम ठाऊक नव्हता अशी माझी बाजू कोणी घेऊ नये. ठाऊक होता, आणि मी तो समजूनउमजून मोडला.

पर्यावरण अभियांत्रिकीचं कपाट खिडकीशेजारी होतं. सांडपाणी, घनकचरा, हवेतली धूळ, पाण्याचं नियोजन, अशा विषयांवरची विटेएवढी जाड पुस्तकं. सगळी इंग्रजीत, सगळी महागडी, आणि तपासणीला येणाऱ्या समितीला दाखवण्यापुरती घेतलेली. मुलं परीक्षेआधी बाजारातलं पातळ गाईड वाचायची आणि पास व्हायची. धूळ कशी मोजावी हे शिकवणाऱ्या त्या पुस्तकांवरची कोळशाची काळी धूळ मी आठवड्यातून दोनदा पुसायची. पुसता पुसता उघडायची, आणि उघडलं की वाचत बसायची. माझं इंग्रजी बेताचं, एका पानाला अर्धा तास लागायचा. पण आम्ही बुद्धविहाराजवळच्या वस्तीत वाढलेले. हातात आलेलं पुस्तक न वाचता ठेवलेलं माझ्या बाबांना कधी खपायचं नाही.

माझं गाव सावली तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात. गावाला एक मामा तलाव आहे. मालगुजारांच्या काळातला, म्हणून सरकारी कागदात माजी मालगुजारी, आणि त्या लांबलचक नावाचं लोकांनी करून टाकलं मामा. त्याच्या पाण्यावर आमच्या दोन बांध्या आहेत, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे. गावातल्या जवळजवळ सगळ्यांच्याच आहेत. ढिवरांची घरं त्यातल्या मासोळीवर आणि शिंगाड्यावर चालतात. गाळ साचून साचून तलाव उथळ झाला होता. धानाला शेवटचं पाणी लागायचं नेमकं तेव्हाच तो हात वर करायचा. त्यामुळे गाळ काढायची योजना आली तेव्हा अख्खं गाव खूश झालं, आणि मीही.

ग्रामसभेच्या दिवशी मी सुट्टी घेऊन गावी गेले होते. शिकलेली आणि अक्षर बरं, म्हणून ठराव लिहायला मला बसवलं. कंत्राटदाराचा माणूस उभा राहून म्हणाला की गाळ तर काढतोच, पण मशीन आलीच आहे तर आणखी कमरेइतकं खाली जाऊ, दुप्पट पाणी राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. खोल भांड्यात जास्त पाणी मावतं, यात कोणाला शंका येणार? एकटी म्हातारी ढिवरीण मागून बोलली. तिचा जन्म त्या तलावात जाळं टाकण्यात गेलेला. सगळं गाव तिला बाई म्हणायचं.

"गाळ न्या गा," ती म्हणाली. "पन खालची चिकन माती नोका काढू. तलाव तिच्यावर बसला आहे."

"बाई, खोल केलं तं पानी जास्त राहीन ना," मी म्हटलं.

"मले नाई वाटत. तू माझं बी लिव."

मी लिहिलं नाही. एका बाईला काय वाटतं ते ठरावात कुठे लिहितात, असं म्हणून मी पुढची ओळ घेतली आणि वळणदार अक्षरात लिहिलं की तलाव शक्य तितका खोल करण्यात यावा. त्या ओळीची मला अजून लाज वाटते.

एप्रिलच्या शेवटी पोकलेन तलावात उतरला. त्याच आठवड्यात कपाट पुसताना मी घनकचऱ्यावरच्या एका ग्रंथात अडकले. शहराचा कचरा पुरायचा खड्डा कसा बांधावा, याचं प्रकरण होतं. खड्ड्यातलं घाण पाणी झिरपून आजूबाजूच्या विहिरी नासू नयेत म्हणून तळाला चिकणमातीचा थर द्यायचा. ती माती शोधून आणायची, ओली करायची, थराथराने दाबायची, तेव्हा कुठे तो तळ पाणी धरतो. शेजारी तक्ता होता, कोणत्या मातीतून पाणी किती झपाट्याने उतरतं याचा. मुरूम आणि चिकणमाती यांच्यातला फरक पाहून मी ते पान तीनदा वाचलं. शहरं कचऱ्यासाठी जो तळ एवढ्या खटपटीने बनवतात, तो आमच्या तलावाला कित्येक पिढ्यांच्या पाण्याने आपसूक बनवून दिला होता. आणि मी तो खरवडून काढायचा ठराव लिहून आले होते. बाई बरोबर बोलली होती.

मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून रविवारी मी गावी गेले. पोकलेन उत्तरेच्या कोपऱ्यात होता, अजून गाळातच. कंत्राटदाराच्या माणसाने फोटो पाहिला आणि मोबाइल सरपंचभाऊंच्या हातात दिला.

"ताई, मोबाइलवर काय नाई येत? लिंबू चोळलं तं शुगर जाते, हे बी येते," तो म्हणाला. "अन् हे तं कचऱ्याचं आहे. तुमचा तलाव कचराकुंडी आहे का?"

लोक हसले. सरपंचभाऊ हसले नाहीत, पण त्यांनी खिशातून माझाच ठराव काढला. "अक्षर तुयाच हातचं आहे," ते म्हणाले. "आता बदलवाचं असन तं पुस्तक आन. शिक्क्याचं. मोबाइलवरच्याले कोन मानते?"

मला राग आला, पण त्यांचं चुकलं असं म्हणवत नव्हतं. गावात मोबाइलवरची गोष्ट म्हणजे उठवलेली गोष्ट. शिक्का मारलेलं जाड पुस्तक म्हणजे मात्र कोणीतरी जबाबदार माणूस. सोमवारी मी प्राचार्यांकडे अर्ज केला, एक ग्रंथ दोन दिवसांसाठी गावी न्यायची परवानगी मिळावी म्हणून.

प्राचार्य वाईट नव्हते. कागदाला भिणारे होते. "अशी प्रथा नाही," ते म्हणाले, "पण ग्रंथालय समितीपुढे ठेवू." समितीतले एक सर रजेवर, दुसरे परीक्षेच्या कामावर. मी रोज विचारायची आणि रोज उद्यावर जायचं. सहाव्या दिवशी बाबांचा फोन आला.

"पिवळा मुरूम निघून राह्यला," ते म्हणाले. "टिप्पर भरून भरून रस्त्याच्या कामावर चालले. तू कवा येतं?"

कमरेइतकं खाली जायची हौस कंत्राटदाराला का होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात उजेडलं. त्याला मुरूम विकायचा होता. तरी मी आणखी दोन दिवस थांबले. का थांबले ते उगाच सजवून सांगत नाही. भ्याले. डिसेंबरातली सही डोळ्यांपुढे होती.

नवव्या दिवशी सकाळी मी रजिस्टरमध्ये ग्रंथाचं नाव लिहिलं, पुढे माझं लिहिलं, वेळ टाकली, सही केली आणि पुस्तक कापडी पिशवीत घालून समोरच्या दाराने, शिपायाच्या देखत बाहेर पडले. मागच्या दाराने जायला मी चोर नव्हते. मूल गावावरून सावलीकडे जाणारी एसटी मिळाली. पिशवी मांडीवर आणि ऊन असं की खिडकीची दांडी धरवत नव्हती.

"काय वो ताई, दगड नेऊन राह्यली का?" कंडक्टरने विचारलं.

"हो. एकाच्या टाळक्यात घालाचा आहे," मी म्हटलं. त्याने लांबूनच तिकीट फाडून दिलं.

तलावाच्या पाळीवर बरीच माणसं जमली. कंत्राटदाराच्या माणसाने पुस्तक उघडून पाहिलं, शिक्का पाहिला, आणि लगेच म्हणाला, "इंग्रजीत आहे. आमाले काय समजन?"

"वाचू नका," मी म्हटलं. "यात सांगतलं तसं करून पाहू."

पुढच्याच एका प्रकरणात शोषखड्ड्याआधीची चाचणी दिलेली होती. खड्डा खणायचा, पाणी भरायचं, किती वेळात उतरतं ते पाहायचं. इतकं सोपं की मला पुस्तकाचीच कीव आली. आम्ही हातभर खोल दोन खड्डे केले, सारख्या मापाचे. एक पोकलेनने खरवडलेल्या कोपऱ्यातल्या मुरमात, एक अजून शाबूत असलेल्या चिकणमातीत. दोन्हींत आधी एकेक गुंड, म्हणजे हंडाभर, पाणी मुरू दिलं, कारण माती आधी ओली करा असं पुस्तकात होतं. मग पुन्हा भरले. बाई चप्पल काढून एकदा इकडे, एकदा तिकडे उभी राहिली.

"इथी पाय भाजते, तिथी थंडा लागते," तिने सांगितलं. "माझी तं चाचनी झाली."

चहा यायच्या आत मुरमातला खड्डा कोरडा पडला. दुसरा गुंड ओतला, तोही गेला. चिकणमातीतलं पाणी होतं तिथेच, त्यात एक चिमणी येऊन चोच बुडवून गेली. हसत कोणीच नव्हतं.

"उन्हानं आटलं," कंत्राटदाराचा माणूस म्हणाला.

"मंग त्या खड्ड्यावर काय मांडव टाकला आहे का?" बाईने विचारलं, आणि आता मात्र सगळे हसले, त्याच्यावर.

तिथेच पाळीवर सभा भरली. ठराव पुन्हा मीच लिहिला. पहिलं वाक्य बाईचं, तिच्याच शब्दांत, तिच्या नावासकट, आणि खाली सगळ्यांत आधी तिचा अंगठा. मग बाया जाऊन पोकलेनच्या पुढ्यात बसल्या. ड्रायव्हरने थोडा वेळ मशीन चालू ठेवून पाहिली, मग बंद केली आणि बायांकडेच प्यायला पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी पोकलेन गावातून गेला.

पण कोपरा तर फाटलाच होता. पुस्तकात तळ दाबायला रोलर सांगितला होता, तो आम्हाला कोण देणार? गावाने म्हशी उतरवल्या. पोकलेनने खरवडून बाजूला टाकलेल्या ढिगातली चिकणमाती आणायची, वीतभर थर पसरायचा, पाणी मारायचं आणि म्हशींना गोल गोल फिरवायचं. मी फोनवरून रजा कळवून गावीच राहिले होते, पुढचा थर कधी टाकायचा ते पुस्तकात पाहून सांगायची. बाई पायाने तुडवून सांगायची, आणि बहुतेक वेळा आमचं एकच निघायचं. पानावर माझा चिखलाचा अंगठा उमटला तो त्याच दिवसांत. पाऊस जवळ आला आणि जेवढं झालं तेवढ्यावर थांबावं लागलं. पुस्तक मी परत नेऊन कपाटात ठेवलं आणि रजिस्टरमध्ये परतीची तारीख टाकली.

तलाव भरला. धान निघालं, आमचंही निघालं. पण तो कोपरा पाणी पितच राहिला. आणि शिंगाडा नेमका त्याच कोपऱ्यातला, बाईचा. दसरा उलटला तोवर पाणी इतकं खाली गेलं की तिच्या वेली चिखलावर उघड्या पडल्या आणि वाळल्या. सगळ्यांच्या आधी खरं बोलली ती, आणि भोगलं तिनेच. मी तिच्या दारात जाऊन माफी मागितली. "तू आली तं खरी," ती म्हणाली आणि मला बसायला पाट दिला. मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

डिसेंबरात मला मेमो मिळाला. पाळीवर पुस्तक धरून उभी असलेली मी, असा फोटो कोणीतरी महाविद्यालयात पाठवला होता. विनापरवानगी ग्रंथ बाहेर नेला, पान खराब केलं, संस्थेची प्रतिमा मलिन केली, खुलासा द्या. कार्यालयातले बाबू भले गृहस्थ. त्यांनी माफीनामा टाइप करूनच आणला होता. माझ्याकडून चूक झाली, पुन्हा अशी चूक होणार नाही, खाली सहीची जागा.

"मारून टाक सही," ते म्हणाले. "करार होऊन जाईन. दोन ओळींनी काय बिघडते?"

प्राचार्यांनीही बोलावून हेच सांगितलं, जरा आर्जवानेच. मी तो कागद घेऊन टेबलाशी बसले. दोन ओळींनी माझी नोकरी राहत होती. मला नोकरी हवी होती, पुस्तकंही हवी होती, ते कपाट तर फारच हवं होतं. पण डोळ्यांपुढून त्या वाळलेल्या वेली जात नव्हत्या, आणि चूक कोणती ते ठरवायचा हक्क मी यांना द्यायला तयार नव्हते. मी टाइप केलेला कागद बाजूला सारला आणि कोरा घेतला. त्या वर्षी माझा करार झाला नाही, हे इथेच सांगून टाकते.

मी लिहिलं: "ग्रंथ बाहेर नेला, ही माझी चूक नाही. गावचा तलाव फोडला जात आहे हे ठाऊक असताना परवानगीची वाट पाहत मी आठ दिवस इथे बसून राहिले, ही माझी चूक आहे. पुन्हा अशी चूक होणार नाही."